विश्लेषण : मंत्र्यांनी फाइलवर ‘मान्य’ लिहिले, म्हणजे सरकारचा आदेश झाला का?

लाडकी बहीण योजनेचे दोन आकडे राज्यात घरोघरी पाठ आहेत. १५०० आणि २१००. यातला पहिला आकडा महिला व बालविकास विभागाच्या २८ जून २०२४ च्या शासन निर्णयात होता. दुसरा त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने दिलेल्या आश्वासनांत होता. खात्यात पैसे जमा करणाऱ्या यंत्रणेला जाहीरनामा वाचता येत नाही, तिला शासन निर्णयच लागतो.

गावाच्या वेशीवर ‘साहेबांच्या प्रयत्नांना यश, ५ कोटी मंजूर’ असा फ्लेक्स लागतो. व्हॉट्सॲपवर मंत्र्यांच्या हिरव्या-लाल शाईतल्या शेऱ्याचा फोटो फिरतो. टीव्हीवर ‘मंत्रिमंडळाचा मोठा निर्णय’ अशी पट्टी येते. या तिन्हींत सरकार काही तरी बोललेले असते, पण त्या क्षणी सरकारचा आदेश झालेलाच असतो असे नाही. मग तो होतो कधी? मंत्र्याच्या, मुख्यमंत्र्यांच्या आणि मंत्रिमंडळाच्या अधिकाराची हद्द नेमकी कुठे असते?

सरकार चालते कुणाच्या नावाने?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५४ नुसार राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे असतो. अनुच्छेद १६३ म्हणतो की, राज्यपालांना सल्ला द्यायला मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ असेल. आणि अनुच्छेद १६६ नुसार शासनाची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्हायला हवी. म्हणून कोणताही शासन निर्णय उघडा, शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ सापडते. तिच्याखाली सही मात्र राज्यपालांचीही नसते आणि मंत्र्यांचीही नसते. ती एखाद्या उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते.

याचा अर्थ राज्यपाल प्रत्येक फाइल वाचतात असा नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांनी काही मोजके अपवाद सोडले तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात पक्के केले. प्रत्यक्षात काम वाटले जाते ते कार्यनियमावलीने. अनुच्छेद १६६ मधील तिसरे कलम राज्यपालांना हे नियम करायला सांगते. कोणता विषय कोणत्या विभागाचा, कोणती प्रकरणे मंत्र्याच्या पातळीवर संपतात, कोणती मुख्यमंत्र्यांकडे जायलाच हवीत, कोणती मंत्रिमंडळापुढे आणि कुठे वित्त विभागाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, हे सगळे त्यात असते. विधिमंडळात राज्यघटनेवर तासन् तास भाषणे होतात, या नियमावलीवर क्वचित. पण मंत्रालयातले खरे वाद तिच्यावरूनच होतात.

शेरा आणि आदेश : एका कानुंगोची गोष्ट

फाइलवरच्या शेऱ्याला किती किंमत, याचे उत्तर आजही ज्या निकालात शोधले जाते तो १९६२ चा आहे. तेव्हाच्या पेप्सू, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाब राज्य संघातील एका महसूल कर्मचाऱ्याला गैरप्रकारांच्या आरोपावरून चौकशीनंतर बडतर्फ करण्यात आले. त्याने अपील केले. महसूल मंत्र्यांनी फाइलवर लिहिले की, आरोप गंभीर आहेत आणि सिद्धही झाले आहेत. पण हा माणूस निर्वासित आहे, पदरी मोठे कुटुंब आहे, तेव्हा बडतर्फीऐवजी त्याला मूळच्या कानुंगोच्या पदावर परत पाठवावे आणि ताकीद द्यावी.

मंत्र्यांनी लिहिले खरे, पण ते त्या कर्मचाऱ्याला अधिकृतपणे कळवण्यापूर्वीच १ नोव्हेंबर १९५६ रोजी पेप्सू पंजाबात विलीन झाले. फाइल नव्या सरकारकडे गेली, पंजाबच्या मुख्यमंत्र्यांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी बडतर्फी कायम केली. कर्मचारी न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे सरळ होते : एका मंत्र्याने माझ्या बाजूने निर्णय दिला आहे, दुसरा तो फिरवू कसा शकतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याचे म्हणणे मान्य केले नाही. निकाल न्या. जनार्दन मुधोळकर यांनी लिहिला. त्याचे सार असे : फाइलवर काही लिहिणे म्हणजे आदेश नव्हे. तो राज्यपालांच्या (पेप्सूत तेव्हा राजप्रमुखांच्या) नावाने काढला जावा लागतो आणि ज्याच्याविषयी आहे त्याला कळवला जावा लागतो. तोवर सरकार त्याच विषयाचा पुन्हा पुन्हा विचार करू शकते, मत बदलू शकते.

कठोर वाटतो, पण यामागचा विचार माणसाच्या बाजूचाही आहे. फाइलवर खालपासून वरपर्यंत दहा जण मते लिहितात. एक ‘शिफारस’ करतो, दुसरा ‘नियमात बसत नाही’ म्हणतो, तिसरा ‘चर्चा करावी’ लिहून फाइल परत पाठवतो. यातल्या प्रत्येक ओळीला आदेश मानले, तर ज्याला जी ओळ सोयीची ती तो घेऊन न्यायालयात जाईल. आणि उलटही खरे आहे : तुमच्याविरुद्ध कुणी फाइलवर काहीही लिहिले, तरी आदेश निघून तुमच्या हाती पडेपर्यंत तुमचे काही गेलेले नसते.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला फ्लोचार्ट काढायला शिकवतात. मंत्रालयातल्या फाइलचा काढायचा म्हटला, तर ‘परत’ दाखवणारे बाणच जास्त निघतील. ई-ऑफिसमुळे ते बाण आता पडद्यावर दिसतात, एवढाच फरक.

मंत्रिमंडळाने ठरवले, तरीही?

मंत्री एकटा असतो, मंत्रिमंडळ तर सगळे सरकार. मग त्याचा निर्णय तरी अंतिम? महाराष्ट्राने याचे उत्तर २०२२ च्या जून-जुलैत पाहिले. शिवसेनेतील बंडानंतर राज्यपालांनी उद्धव ठाकरे सरकारला ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितले होते. त्याच्या आदल्या दिवशी, २९ जूनला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि औरंगाबादचे संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव हे प्रस्ताव मंजूर झाले. रात्री ठाकरे यांनी राजीनामा दिला.

नव्या सरकारचे म्हणणे असे की, बहुमत सिद्ध करण्याचे पत्र आल्यानंतर असे निर्णय घेणे नियमाला धरून नव्हते. म्हणून १६ जुलैला तेच विषय पुन्हा मंत्रिमंडळापुढे आले. या वेळी संभाजीनगरच्या आधी ‘छत्रपती’ जोडले गेले आणि विमानतळाच्या नावात ‘लोकनेते’. विषय तोच, निर्णय जवळपास तोच, पण कागद नवा. त्यानंतरही शहरांची नावे लगेच बदलली नाहीत. केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी आली आणि जिल्ह्यांच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. टीव्हीवर ‘नाव बदलले’ ही बातमी तोवर कितीदा येऊन गेली होती, हे आठवून पाहा.

यात आणखी एक गंमत होती. १६ जुलैला निर्णय घेणाऱ्या मंत्रिमंडळात दोनच जण होते, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. ३० जूनच्या शपथविधीनंतर विस्तार झाला तो थेट ९ ऑगस्टला. अनुच्छेद १६४ मध्ये २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने घातलेली मर्यादा आपल्याला एका बाजूने पाठ असते : मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे महाराष्ट्रात २८८ पैकी जास्तीत जास्त ४३. पण त्याच तरतुदीत दुसरी बाजूही आहे. मुख्यमंत्री धरून मंत्री १२ पेक्षा कमी असू नयेत. किती दिवसांत ही संख्या गाठायची, हे मात्र घटनेत लिहिलेले नाही. विरोधकांनी बोट ठेवले ते १२ च्या आकड्यावर, सरकार चालले ते मुदत नसण्याच्या आधारावर.

या काळाची झळ राजकारण्यांपेक्षा सामान्यांना जास्त बसली. जमीन, सहकार, गृहनिर्माण संस्था अशा कितीतरी बाबतींत कायद्याने अपील मंत्र्यांपुढे चालते. मंत्रीच नसतील तर सुनावणी कोण घेणार? शेवटी ऑगस्टच्या सुरुवातीला अशा अर्धन्यायिक सुनावण्यांचे अधिकार सचिवांकडे देण्याचा आदेश निघाला. ‘सगळे सरकार सचिवांच्या हाती’ म्हणून गदारोळ झाला आणि अधिकार फक्त सुनावण्यांपुरते आहेत, असा खुलासा करावा लागला. ज्यांचे अपील अडकले होते, त्यांना अधिकार कुणाच्या हाती आहे यापेक्षा तारीख कधी मिळते याची चिंता जास्त असणार.

केंद्रात तर बैठकीविनाही मंत्रिमंडळाचा निर्णय होऊ शकतो. भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमांतील नियम १२ पंतप्रधानांना तातडीच्या प्रसंगी हे नियम बाजूला ठेवण्याची मुभा देतो. मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घ्यायची. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. १२ नोव्हेंबरला लागू झालेली राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. ते शक्य झाले या नियम १२ मुळे. नियमात बसते, म्हणून ते तातडीचे होतेच का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. नियमाच्या शब्दांत त्याचे उत्तर नाही. तातडी कशाला म्हणायचे हे ठरवणारा आणि ती वापरणारा एकच असतो.

मुख्यमंत्री मंत्र्याचा निर्णय रोखू शकतात?

सर्वसाधारण समज असा की, मुख्यमंत्री सगळ्या मंत्र्यांचे साहेब. त्यांनी ‘थांबवा’ म्हटले की थांबले. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नोकरभरतीने या समजाला धक्का दिला.

बँकेच्या भरतीला तक्रारींनंतर स्थगिती मिळाली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तत्कालीन सहकार मंत्री अतुल सावे यांनी ती उठवली. आठवडाभरात मुख्यमंत्री शिंदे यांनी भरतीला पुन्हा स्थगिती दिली. बँक मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. मार्च २०२३ मध्ये खंडपीठाने मुख्यमंत्र्यांचा आदेश रद्द केला. न्यायालयाने १९७५ च्या महाराष्ट्र शासन कार्यनियमावलीचा आधार घेतला. त्या नियमांनुसार विभागाचे काम निकाली काढण्याची प्राथमिक जबाबदारी त्या विभागाच्या मंत्र्याची असते. मंत्र्याने घेतलेल्या निर्णयात ढवळाढवळ करण्याचा किंवा त्याचे पुनर्विलोकन करण्याचा स्वतंत्र अधिकार हे नियम मुख्यमंत्र्यांना देत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. सहकार खाते मुख्यमंत्र्यांकडे नव्हते, म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यावरचे अपील अधिकारी म्हणून त्यांना बसता येणार नव्हते.

इथे चौकस वाचक अडखळेल. मघाच्या पंजाबच्या गोष्टीत मुख्यमंत्र्यांचा आदेश टिकला आणि इथे पडला, असे कसे? एक कारण वर आलेच आहे : तिथे मंत्र्याचा आदेश बाहेर पडलाच नव्हता, इथे स्थगिती उठवल्याचा निर्णय झालेला होता. दुसरे कारण नियमांत आहे. पंजाबच्या कार्यनियमांनुसार तसे प्रकरण मुख्यमंत्र्यांकडे जाऊ शकत होते. म्हणजे मुख्यमंत्र्यांचा अधिकार किती, हे त्यांच्या पक्षातल्या वजनावर नाही, त्या राज्याच्या नियमावलीत काय लिहिले आहे यावर ठरते.

मग मुख्यमंत्र्यांच्या हाती उरते काय? पुष्कळ. मंत्री त्यांच्याच सल्ल्याने नेमले जातात, खातेवाटप ते ठरवतात, खाते काढून घेऊ शकतात. एकट्या मंत्र्याने घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढे ठेवावा, असे राज्यपालही त्यांना अनुच्छेद १६७ नुसार सांगू शकतात. मंत्री ऐकत नसेल तर राजीनामा मागता येतो. पण हे सगळे राजकीय किमतीचे मार्ग आहेत, आणि आघाडीच्या सरकारात ती किंमत फार असते. दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याचे खाते काढणे म्हणजे सरकारच पणाला लावणे. म्हणून फाइलवर ‘स्थगिती’ लिहिण्याचा सोपा मार्ग मोह घालतो. चंद्रपूर निकालाने नेमका तोच अडवला.

घटनेत नाव नाही, फाइलवर सही आहे

उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. डिसेंबर १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना ‘मंत्री’ऐवजी ‘उपपंतप्रधान’ असे म्हटले, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. न्यायालयाने शपथ वैध ठरवली, कारण घटनेच्या दृष्टीने ते इतरांसारखे एक मंत्रीच होते. विशेषण लावल्याने पंतप्रधानांचा कोणताही अधिकार त्यांना मिळत नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्री नेमण्याच्या प्रथेविरुद्धची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाने फेटाळली.

कागदावर हे बरोबर आहे, मंत्रालयात अपुरे. मार्च २०२५ मध्ये आदेश निघाला की, मुख्यमंत्र्यांकडे जाणाऱ्या फाइल आधी वित्तमंत्री असलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्याकडून उपमुख्यमंत्री शिंदे यांच्याकडे आणि मग मुख्यमंत्री फडणवीस यांच्याकडे जातील. घटनेला हे दोन थांबे ठाऊक नाहीत. पण फाइल जिच्या टेबलावर थांबू शकते त्या व्यक्तीला अधिकार असतोच, त्याला नाव काहीही द्या.

पालकमंत्रिपदाचेही तसेच. घटनेत ते नाही, पण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे येते आणि जिल्ह्यातला वार्षिक निधी कुठे जाणार हे त्या बैठकीत ठरते. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांची नावे जाहीर होऊन दुसऱ्याच दिवशी त्यांना स्थगिती का द्यावी लागली, याचे उत्तर या एका खुर्चीत आहे.

तुमच्या मोबाइलवरचा जीआर कसा वाचाल?

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. फॉरवर्ड आलेल्या पीडीएफवर विसंबू नका. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो, तो संकेतस्थळावर टाकून पाहा. सापडला नाही तर त्या कागदाच्या आधारे कुणाला पैसे देऊ नका, अर्जही भरू नका.

सापडला, तर आधी ‘वाचा’ या शब्दाखालची यादी बघा. आपण ती ओलांडून खाली जातो, पण या निर्णयाने कोणत्या जुन्या निर्णयाला हात घातला ते तिथे कळते. लाडकी बहीणच घ्या. २८ जूनच्या निर्णयात वयाची कमाल मर्यादा ६० होती. ३ जुलैच्या सुधारणेने ती ६५ झाली आणि पाच एकर शेतीची अटही गेली. ज्या बासष्ट वर्षांच्या बाईला पहिला जीआर दाखवून सेतू केंद्रावरून परत पाठवले गेले असेल, ती पाच दिवसांनी पात्र होती. जुना जीआर खोटा नव्हता, फक्त त्याच्यावर नवा आला होता.

विकासकामाचा निर्णय असेल तर पैशाच्या ओळी शोधा. ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने’ अशा अर्थाचे वाक्य आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून भागवायचा तो आकडा. हे दोन्ही नसेल आणि मजकूर केवळ ‘तत्त्वतः मान्यता’ देत असेल, तर फ्लेक्सवरचे ५ कोटी अजून तिजोरीतून निघालेले नाहीत. ‘प्रशासकीय मान्यता’ ही पुढची पायरी. तिच्यानंतरही तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश उरतातच. निधी वितरणाचा आदेश तर बहुतेक वेळा वेगळाच निघतो. आणि एक लक्षात ठेवा : शासन निर्णय कायद्याच्या वर नसतो. कायद्यात किंवा नियमांत जे स्पष्ट लिहिले आहे, ते जीआरने पुसता येत नाही.

मंत्र्यांचा शेरा असलेला तुमचा अर्ज एखाद्या विभागात महिनोन् महिने पडून असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या फाइलची ‘टिप्पणी’ आणि ‘पत्रव्यवहार’ या दोन्ही बाजू मागा. नुसता पत्रव्यवहार मागितला तर आवक-जावक पत्रे तेवढी मिळतात. कुणी काय मत दिले आणि फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे टिप्पणीच्या पानांवर असते. मंत्रिमंडळापुढे गेलेल्या विषयाची कागदपत्रे निर्णय होईपर्यंत नाकारता येतात. निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर, कायद्यातील इतर अपवाद आड येत नसतील, तर निर्णय, त्याची कारणे आणि ज्या साहित्याच्या आधारे तो घेतला ते उघड करावे, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ८ सांगते. अर्जात कलमाचा उल्लेख आणि फाइलचा क्रमांक लिहिला, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर देणे जरा अवघड जाते.